डायलॉगचं निरूपण: जुन्या पिक्चरमधल्या एका ओळीबरोबर आठवडा कसा काढायचा

माझे वडील कराडच्या एका थेटरात डोअरकीपर होते. खाकी शर्ट, हातात बॅटरी आणि दाराच्या जाड पडद्याबाहेर एक लोखंडी स्टूल. खेळ सुरू झाला, उशिरा येणारे शेवटचे दोघं-तिघं जागेवर बसवून झाले की ते स्टुलावर बसायचे आणि ऐकायचे. दिवसाला तीन खेळ, आठवडाभर तोच पिक्चर. हिरोचा शर्ट कुठल्या रंगाचा हे त्यांना सांगता यायचं नाही, पण कुठल्या वाक्याआधी तो दम घेतो हे पाठ असायचं. एकादशीला ड्यूटी बदलून घेऊन ते देवळात कीर्तनाला जायचे. या दोन सवयींची त्यांच्या डोक्यात कधीतरी गाठ पडली आणि रात्री जेवताना ते पिक्चरच्या वाक्यांचं निरूपण करायला लागले. आई म्हणायची, "आमटी निवतीय, बुवा."

हा लेख त्या सवयीवर आहे. जुन्या पिक्चरमधलं एखादं वाक्य वर्षानुवर्षं मनात का राहतं आणि त्यातून आपल्या आतलं काही उलगडतं का, हे ज्यांना करून बघायचंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी.

कीर्तन ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात. त्यातला शब्द न् शब्द सोडवतात, दाखले देतात, पुन्हा त्याच ओळीवर येतात. मग उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून दाखवतात. आपलं काम याच्या उलट आहे. आख्यान, म्हणजे पिक्चर, आपण आधीच पाहिलेलं असतं. राहिलेला असतो तो पूर्वरंग.

एक शंका सुरुवातीलाच येते: ही वाक्यं पगारी लेखकांनी तिकिटं खपावीत म्हणून लिहिलेली, त्यांत कसलं आलंय अध्यात्म? प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' आठवा. कित्येक लोक ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणत आले. लिहिलं होतं शांताराम आठवले यांनी, त्या चित्रपटासाठी. बाकी शंका वाटेत फिटतील, नाहीतर राहतील.

ओळ निवडताना

नवीन माणूस हमखास जड वाक्य उचलतो. आत्मा, परमात्मा, मौत, ज़िंदगी असे शब्द असलेलं. मी सांगेन, आधी ते नको. जे वाक्य तुमच्या तोंडात आधीपासून आहे ते घ्या. लाइट गेल्यावर, चहा उशिरा आल्यावर, नवऱ्याशी भांडताना जे आपसूक बाहेर पडतं ते. ते तुमच्यात कधीचं मुरलेलं असतं. फक्त तुम्ही त्याच्याकडे बघितलेलं नसतं.

एका वेळी एकच ओळ, आठवडाभर. पाच ओळींची यादी केलीत की तो व्हॉट्सअॅपचा सुविचार झाला.

प्रत्येक गाजलेल्या ओळीत काहीतरी दडलेलं असतंच असंही नाही. 'दीवार'मधलं 'मेरे पास माँ है' घ्या. टाळ्या पडतात, अंगावर काटा येतो, मान्य. पण मला त्यात फार काही सापडलेलं नाही. एक भाऊ बंगला-गाडी-बँक बॅलन्सची यादी वाचतो आणि दुसरा त्याच यादीत आईचं नाव घालून जिंकतो. 'पास' हा शब्द दोघांचाही सुटत नाही. आता एवढं लक्षात येणं हेही निरूपणच की. पण पहिल्या आठवड्यासाठी ही ओळ घेऊ नका, बाहेर पडताना वाद होतात.

ओळ नीट उतरवून घ्या

आठवणीवर विसंबू नका. 'अरे ओ सांबा, कितने आदमी थे?' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, फक्त 'शोले'मध्ये ते तसं नाही. डाकू गब्बर 'कितने आदमी थे?' विचारतो ते हात हलवत परत आलेल्या आपल्या माणसांना. सांबाला तो विचारतो आपल्यावर सरकारनं लावलेल्या इनामाबद्दल. दोन प्रश्न लोकांच्या तोंडी शिवले गेले. गंमत म्हणून ठीक आहे, पण शब्द सोडवायला बसलात की चुकीचा शब्द सोडवण्यात तास जातो. इंटरनेटवरच्या संवादांच्या याद्यांत चुका भरपूर असतात आणि सबटायटल्स तर अर्थच सपाट करून टाकतात. पिक्चर लावा, थांबवा, कानानं ऐका, हातानं लिहा.

वही साधी, दोनशे पानी. उजव्या पानावर ओळ आणि खाली चार गोष्टी: कोण बोलतं, कुणाला, त्याच्या जरा आधी काय घडलं, आणि त्या वेळी तिथं गप्प कोण आहे. चौथी गोष्ट लोक गाळतात. गाळू नका. डावं पान कोरं ठेवा, ते आठवड्याच्या शेवटी लागतं.

कोण बोलतंय, आणि त्याला ते केवढ्याला पडलं

इथं माझी फजिती सांगायला हवी. आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठजण महिन्यातून एकदा जमतो. सुरुवातीच्या दिवसांत मी मोठ्या उत्साहानं 'जो डर गया, समझो मर गया' घेतलं. भय हेच मरण, निर्भयता ही दैवी संपत्ती, गीतेच्या सोळाव्या अध्यायात पहिलाच शब्द 'अभयं', असं वीस मिनिटं रंगून बोलले. कोपऱ्यात विणत बसलेल्या एका आजींनी मान वर न करता विचारलं, "आणि हे म्हणतो कोण गं?"

गब्बर म्हणतो. आपल्याच तीन माणसांना आधी वाचल्याच्या भ्रमात हसवून, मग गोळ्या घालून झाल्यावर म्हणतो. पिस्तूल त्याच्या हातात आहे. त्याच्या तोंडी ते वाक्य निर्भयतेचं नाहीच, दुसऱ्याच्या भीतीवर जगणाऱ्या माणसाचं आहे. मी पाणी प्यायले.

याचा अर्थ दुष्टाच्या तोंडचं वाक्य घ्यायचं नाही असा नाही. 'गाइड' (1965) बघा. राजू काही साधू नव्हे. तुरुंगातून सुटलेला, भरकटत देवळात येऊन झोपलेला माणूस. अंगावर कुणाची तरी भगवी शाल पडते आणि गाव त्याला स्वामी करून टाकतं. गैरसमजातूनच त्याला पावसासाठी उपास धरावा लागतो. तुमच्या उपासानं पाऊस पडेल असं तुम्हाला खरंच वाटतं का, असं विचारल्यावर तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा: या लोकांचा माझ्यावर विश्वास आहे, आणि आता माझा त्यांच्या विश्वासावर विश्वास बसायला लागलाय. बोलणारा तोतया आहे. पण हे बोलताना त्याच्या पोटात अन्न नाही आणि पळून जायची वाट मोकळी असून तो गेलेला नाही.

म्हणून माझी कसोटी अशी: बोलणाऱ्याला त्या वाक्याची किंमत किती पडली? गब्बरला छदाम पडला नाही. राजूला जीव. तुकोबांचं 'बोले तैसा चाले' आपण भाषणात फार वापरतो, पण पिक्चरच्या वाक्यांना ते लावून बघा, निम्मी वाक्यं गळतात.

(आर. के. नारायण यांच्या मूळ कादंबरीत पाऊस पडला की नाही हे वाचकावर सोडलंय. पिक्चरमध्ये तो धो धो पडतो. मला कादंबरीचा शेवट जास्त पटतो, पण स्टुलावर बसून ऐकणाऱ्याला पाऊस ऐकू यायला हवा, हेही खरं.)

डोळे मिटून ऐका

ही वडिलांची पायरी. वाक्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दोन, डोळे मिटून. स्क्रीन उलटी करून ठेवा, मोह होत नाही.

'शोले'मधलं 'इतना सन्नाटा क्यों है भाई?' हे आज निव्वळ विनोदाचं वाक्य झालंय. ग्रुपवर कुणी दोन दिवस काही टाकलं नाही की कुणीतरी हे टाकतं. आम्हीही टाकायचो. मग एका महिन्याला हीच ओळ घेतली आणि प्रसंग डोळे मिटून ऐकला.

घोड्याच्या टापा येतात. गावकऱ्यांची कुजबुज, मग काहीच नाही. काठीचा आवाज. आणि ए. के. हंगलांचा तो थरथरता प्रश्न. डोळे मिटलेले असले की पहिल्यांदा कळतं की इमामसाहेब आंधळे आहेत म्हणून हा प्रश्न आहे. डोळसांना दिसतंय की समोर अहमदचं प्रेत आहे. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, जो नोकरीसाठी जबलपूरला निघाला होता. सगळ्या गावाला माहीत आहे आणि ज्याला पहिल्यांदा कळायला हवं तोच विचारतोय, गप्प का आहात? शांतता हीच त्याला मिळालेली बातमी आहे. त्याला ती फक्त वाचता येत नाहीये.

आमच्यातल्या एका काकांचा मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. ते त्या दिवशी म्हणाले, "फोन आला तेव्हा घरी कुणीच बोलेना. मी बाथरूममधून बाहेर आलो आणि विचारलं, काय झालं, टीव्ही का बंद केला?" पुढं बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि ते कुणी भरूनही काढलं नाही.

त्याच प्रसंगात पुढं आहे ते लक्षात घ्या. गावकरी ठाकूरला म्हणतात, गब्बरशी वैराचं हे ओझं आता आमच्यानं उचलवत नाही. तेव्हा इमामसाहेब विचारतात, जगातलं सगळ्यात मोठं ओझं कुठलं, ठाऊक आहे? बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाज़ा. आणि नमाजाला जाताना म्हणतात, आज ख़ुदाला विचारीन, गावासाठी शहीद व्हायला मला आणखी दोन-चार मुलगे का दिले नाहीस? श्रद्धेचा असा उच्चार मी प्रवचनात फार कमी ऐकलाय. देवाशी तक्रार आहे, पण ती आपल्या नुकसानाची नाही. वडील या जागी बॅटरी विझवून ठेवायचे. बॅटरी तशीही बंदच असायची, पण ते ती खाली ठेवायचे.

आजीच्या बोलीत म्हणून बघा

हिंदी वाक्यांना एक घोटीवपणा असतो. उर्दूच्या वळणामुळे साधी गोष्टही थोर वाटते. म्हणून ओळ आपल्या घरच्या बोलीत आणा. पुस्तकी मराठीत नको. आजी ज्या मराठीत ओरडायची तिच्यात. जे उरेल तो अर्थ, जे गळेल ती नक्षी.

'आनंद' (1971) मधलं वाक्य सगळ्यांना माहीत आहे: 'बाबूमोशाय, ज़िंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं।' मराठीत आणा बघू. 'आयुष्य मोठं पाहिजे, लांब नको.' अडकलात ना? मराठीत 'मोठं आयुष्य' म्हणजेच लांब आयुष्य. वाढदिवसाला आपण दुसरं काय मागतो? हिंदीत 'बड़ी' आणि 'लंबी' यांच्यात जी फट होती ती मराठीत बुजली. आता 'बड़ी' म्हणजे नेमकं काय ते तुम्हालाच ठरवावं लागतं. रुंद? खोल? भरलेलं? आमच्या बैठकीत यावर तासभर खल झाला. कुणी म्हणालं 'ऐसपैस'. रिक्षा चालवणारे एक सभासद आहेत, ते म्हणाले, "आयुष्य लांब पल्ल्याचं नको, भरल्या शिटांचं पाहिजे." मला अजून याहून चांगलं भाषांतर सुचलेलं नाही.

शिवाय हे बोलणाऱ्या आजारी आनंदकडे महिने उरलेत, वर्षं नाहीत. किंमतीची कसोटी इथं आपोआप लागते. शेवटी तो गेल्यावर त्याचा आवाज भरलेली टेप फिरत राहते, आणि थोड्या वेळानं त्याचाच आवाज खोलीत येतो. शरीर कॉटवर, आवाज यंत्रात, आणि हाक मात्र समोरच्याला: बाबूमोशाय! त्या जागी मला तुकोबांची ओळ आठवते, 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य.' दोन्ही एकच म्हणतात असं नाही. तुकोबा जिवंतपणी मीपण मेल्याचं बोलतायत, आनंद खराच मरतोय. पण मरणाच्या अलीकडं उभं राहून हसायचं, हे दोघांनाही जमलंय.

शेजारी एक अभंग ठेवा

मी आत्ता केलं ती हीच पायरी. आपल्या परंपरेतली एक ओळ शोधून पिक्चरच्या ओळीशेजारी, वहीत त्याच पानावर लिहायची. गाथा, ज्ञानेश्वरी, कबीर, बायबल, कुराण, जे तुमच्या घरात असेल ते. जुळलं पाहिजे असा हट्ट नको. भांडण लागलं तर उत्तमच.

'दीवार'मधला विजय लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसणारा, आत न जाणारा. आई मरणाच्या दारात असताना पहिल्यांदा देवासमोर उभा राहतो आणि म्हणतो, आज खूष असशील तू फार. आजीच्या बोलीत: 'आज लई बरं वाटलं आसंल न्हवं तुला?' ही प्रार्थना आहे का? अनेकांना हा देवाचा अपमान वाटतो. त्यांनी जनाबाई वाचावी. 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं ती थेट सुरू करते आणि पुढची ओळ मी इथं लिहीत नाही, इतकी ती तिखट आहे. ज्याच्याशी नातं नाही त्याला शिवी कोण देतं? वर्षानुवर्षं पायरीवर बसलेला माणूसही देवळाकडे तोंड करूनच बसलेला असतो, हे मला जनाबाईमुळं दिसलं.

आता जड ओळीकडे जाऊ, कारण एव्हाना झेपेल. 'गाइड'च्या शेवटी राजूच्या आतल्या दोघांचं बोलणं चालतं. सुख नाही, दुःख नाही, दीन नाही, दुनिया नाही, माणूस नाही, देव नाही. आणि मग 'सिर्फ मैं'. ऐकून अंगावर येतं, पण नवख्यांची इथं गल्लत होते. 'फक्त मी' म्हणजे अहंकाराचा कळसच की, असं एकानं आमच्याकडे विचारलं आणि प्रश्न रास्त होता. शेजारी शंकराचार्यांचं निर्वाणषट्क हे स्तोत्र ठेवा: 'न पुण्यं न पापं न सौख्यं न दुःखं'. नकारांची तशीच रांग, आणि शेवटी तसाच 'शिवोऽहम्', तो मी. पण त्या स्तोत्राचा पहिलाच चरण आहे 'मनोबुद्ध्यहंकारचित्तानि नाहम्'. म्हणजे अहंकार आधीच बाहेर काढून ठेवलाय, मग जो उरला त्याला 'मी' म्हटलंय. चित्रपटातही त्या बोलण्यात अहंकाराला मरावं लागतं. ओळीचा फक्त शेवट उचलून स्टेटसला ठेवला तर अर्थ बरोबर उलटा होतो. आधीचे सगळे 'न' घेतल्याशिवाय तो 'मैं' घेता येत नाही.

संस्कृत येत नसेल तर घाबरू नका. नामदेवांचं 'अहंकाराचा वारा न लागो राजसा' शेजारी ठेवलंत तरी काम होतं.

डावं पान

आत्तापर्यंत जे केलं ते सगळं उजव्या पानावरचं. इथं बरेच जण थांबतात आणि आपण अध्यात्म केलं असं समजतात. मीही समजायचे.

मराठी पिक्चरमधली मला सगळ्यात जास्त पछाडणारी ओळ ना देवाची आहे, ना मरणाची. 'सामना'मधली आहे: 'मारुती कांबळेचं काय झालं?' लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदूराव (निळू फुले) आणि कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर (श्रीराम लागू). मास्तर एक नाव ऐकतो आणि हा प्रश्न धरून बसतो. ज्याला त्याला विचारतो. उत्तर कुणी देत नाही, सगळे विषय बदलतात. आज कुठलंही प्रकरण दाबलं गेलं की महाराष्ट्रात हेच वाक्य ऐकू येतं.

राजकारणावरची ओळ, यात अध्यात्म कुठं, असं वाटेल. शब्द सोडवा. 'कुणी मारलं?' असं मास्तर विचारत नाही. आरोप नाही, तत्त्वज्ञान नाही. नाव, आडनाव आणि 'काय झालं'. एवढ्यानं अख्खं गाव अस्वस्थ होतं, कारण तो माणूस होता हे कबूल केल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. आणि विचारणारा काही सोवळा नाही. दारू पितो, हिंदूरावाच्याच घरी राहतो, त्याचंच खातो.

आता डावं पान. त्यावर फक्त लिहा: माझा मारुती कांबळे कोण?

मी एका ऑफिसात होते तेव्हा किरकोळ खर्चाच्या पेटीत 340 रुपये कमी आले. शिपायावर आळ आला. आदल्या दिवशी बेरीज दोनदा खोडली गेली होती हे मी पाहिलं होतं, खोडणारा हातही पाहिला होता. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. महिनाभरात त्या शिपायाची बदली झाली, दूर कुठंतरी. जाताना त्यानं सगळ्यांना पेढे दिले. मीही घेतला. हे मी वहीत लिहायला चार दिवस लावले. पहिल्या दिवशी 'त्या काळी वातावरणच तसं होतं' असं लिहिलं, दुसऱ्या दिवशी ते खोडलं. तुकोबा 'वृक्षवल्ली'च्या शेवटी म्हणतात, 'तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी.' गाणं म्हणून आपण ते किती गोड म्हणतो. त्यातला 'वाद' मला त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकू आला.

डावं पान कुणाला दाखवायचं नसतं. मी हे इथं लिहिलं, पण बैठकीत कुणाला 'तुमचं वाचा' म्हणू नका. आणि जिवावरचं दुःख ताजं असेल त्या माणसाला ही पायरी लगेच देऊ नका. त्याला नुसतं ऐकू दे.

अति झालं की कसं ओळखायचं

या नादात सगळीकडे अर्थ दिसायला लागतो. मलाही एकदा झालं. 'अशी ही बनवाबनवी'मधलं 'धनंजय माने इथेच राहतात का?' धनंजय हे अर्जुनाचं नाव, 'सङ्गं त्यक्त्वा धनंजय' असं प्रत्यक्ष भगवंत म्हणतात. देह हे भाड्याचं घर. दारात कुणीतरी विचारतंय की आत राहणारा तो कोण. म्हणजे हा तर थेट 'कोऽहम्'! मी हे ठसक्यात मांडलं. सगळे हसून हसून लोळले आणि मग खरंच मान डोलावायला लागले, तेव्हा मी घाबरले. त्यात बोलणाऱ्याला काही किंमत पडलेली नाही, डाव्या पानावर काही उतरत नाही. तो नुसता कोट्यांचा फराळ. खावा, पण जेवण समजू नये. (त्याचं दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, 1988 सालचं. 'शोले'तला घोड्यावरून परत आलेला अहमदही तेच. या योगायोगात मात्र मला उगाचच काहीतरी वाटत राहतं. वडील असते तर त्यांनी त्यावर एक अख्खी आमटी निववली असती.)

बैठक घालायची असेल तर

एकट्यानं जमतं, पण चार कान बरे. सहा-सात माणसं पुरे, दहाच्या वर गेलं की भाषणं होतात. पिक्चर सगळ्यांनी आपापल्या घरी आधी पूर्ण बघून यायचा. नुसत्या क्लिपवर कुणी बोलायचं नाही, हा एकच नियम आम्ही कडक ठेवलाय. बैठकीत फक्त तो प्रसंग दोनदा लावायचा, एकदा डोळे मिटून, एकदा उघडून. मग पाच मिनिटं गप्प. मग बोलणं. चहा शेवटी, कारण चहा आला की पिक्चरच्या गाण्यांवर गाडी घसरते आणि तिला परत आणणारा अजून जन्मायचा आहे. शक्य असेल तर एकजण तरी असा घ्या, ज्याला पिक्चरचं वेड नाही. खरे प्रश्न तोच विचारतो.

पहिल्या महिन्याला 'सन्नाटा' घ्या. मला तरी अजून अशी बैठक माहीत नाही जिथं ते वाक्य हसत हसत सुरू होऊन तसंच संपलं.

आमची पुढच्या महिन्याची ओळ ठरता ठरत नव्हती. विणणाऱ्या त्या आजींनी 'अमर प्रेम'मधलं 'पुष्पा, आय हेट टियर्स' सुचवलं. मी नको म्हटलं; म्हटलं, नकलाकारांनी त्याचा चोथा केलाय, त्यात आता काय उरलंय. आजींनी सुई थांबवली. म्हणाल्या, "रडायचं नाही असं तिला सांगतोय, तो स्वतः कशासाठी येतो गं तिच्याकडे?"

मी वही उघडली आणि उजव्या पानावर तारीख घातली.